‘हरिजन’ हे जातीचे नाव नाही

ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी दुपारी सव्वाबारा वाजता माझ्या मुलीच्या जात पडताळणीच्या अर्जावर त्रुटी निघाली. फोनवर आलेल्या संदेशात दोन वाक्यं होती. अर्जदाराच्या आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जात ‘हरिजन’ अशी आहे. ‘हरिजन’ हे जातीचे नाव नाही, सबब १९५० पूर्वीचा, जातीचा स्पष्ट उल्लेख असलेला पुरावा सादर करावा.

मुलीला नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता. वैधता प्रमाणपत्र जोडण्याची मुदत पुढच्या मंगळवारी सायंकाळी पाचपर्यंत होती. ते जोडलं नाही तर जागा रद्द होऊन दुसऱ्या कोणाला जाणार होती. हातात सहा दिवस होते, त्यात शनिवार-रविवार कचेऱ्या बंद.

आमच्या घरात याआधी कोणी पडताळणी केली नव्हती. बाबा शेती करतात. मी तीस वर्षांपासून वर्ध्याला एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बातम्या तपासतो. राखीव जागेशी आमचा संबंध आला नाही, म्हणून कागदांशीही आला नाही. माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ आहे, मुलीच्या दाखल्यावरही ‘बौद्ध’. बाबांच्या दाखल्यावर ‘हरिजन’. माझे आजोबा शाळेत गेलेच नव्हते. पडताळणी समितीला जो शब्द पाहिजे होता तो आमच्या एकाही कागदावर नव्हता.

अडीच वाजता मी समितीच्या कार्यालयात होतो. खिडकीपलीकडच्या बाईंनी फाइल काढली आणि बाबांच्या शाळेच्या उताऱ्यावर बोट ठेवलं.

“सर, त्या टायमाले साऱ्यांलेच हरिजन लेहत होते. चांभारालेही हरिजन, मांगालेही हरिजन, तुमालेही. मी यातून काय समजू?”

“गाव आणि आडनाव पाहून समजतं,” मी म्हणालो.

“मले समजते हो. मी सेलूचीच आहे, तुमच्याच तालुक्याची. पण मी समजून चालत नाई ना. कागदानं बोललं पाह्यजे.”

माझ्या मागे उभा असलेला गृहस्थ पुढे वाकला. “मॅडम, माह्या आज्याचा तं जातीचा रकानाच कोरा आहे.”

“मंग तुमी नशीबवान. तुमच्यात काही चुकीचं तं नाई.”

रांगेतले तीन-चार जण हसले. मीही हसलो. बाईंनी माझ्या फाइलला दोरी बांधली आणि आवाज कमी करून सांगितलं, “सेलूले तहसिलीत जा, कोतवाल बुक पाहा. रक्ताचं कोनीबी चालते. अन् वंशावळीचं प्रतिज्ञापत्र वडलांच्या सहीचं पाह्यजे. त्यात जातीचं नाव स्वच्छ येऊ द्या. बौद्ध लेहून थांबू नका.”

शब्द बदलणं हे माझं रोजचं काम राहिलं आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या मुख्य उपसंपादकांच्या हातात लाल शाईचा पेन असायचा. एका तालुक्याच्या वार्ताहरानं ‘हरिजन वस्तीत हातपंप’ अशी बातमी पाठवली होती. त्यांनी पहिला शब्द खोडून ‘दलित’ केला. मी कारण विचारलं. ते म्हणाले, “तो शब्द दुसऱ्यांनी दिलेला आहे. त्यांना तो नको आहे.” त्या ‘त्यांना’मध्ये मीही होतो. हे त्यांना माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. मला तेव्हा सहा महिने झाले होते.

पुढे मीच तो शब्द खोडू लागलो. एकदा एका गावच्या ऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्याची मुलाखत आली. त्यांच्या बोलण्यात तीन ठिकाणी ‘हरिजन’ होतं. मी तिन्ही ठिकाणी ‘दलित’ केलं. अंक निघाल्यावर चौथ्या दिवशी ते एसटीनं वर्ध्याला आले आणि जिना चढून माझ्या टेबलाशी उभे राहिले.

“मी बोललो ते तू काऊन बदललं?”

“बाबाजी, तो शब्द आता वापरत नाहीत.”

“कोन वापरत नाई? मी तं वापरून राह्यलो. त्याच्या पह्यले आमाले काय म्हनत, मालूम आहे काय तुले? हा शब्द आला तवा माह्या मायनं दारात दिवा लावलता.”

मी त्यांना चहा पाजला. दुरुस्ती छापली नाही.

काही वर्षांनी मुख्य कार्यालयातून सूचना आली की ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ लिहावं. जुळणी करणारा मुलगा वैतागला. “सर, शब्द जितका सभ्य होते तितका लांब होते. एका कॉलमात बसवू कुठं?” मग वस्त्यांची नावं बदलण्याचे आदेश निघाले, पाट्या रंगवल्या गेल्या, आम्ही त्याच्या बातम्या छापल्या. या सगळ्या वर्षांत, जातीवाचक शिवीगाळीच्या बातम्या सोडल्या, तर समितीला पाहिजे असलेला शब्द माझ्या हाताखालून गेल्याचं आठवत नाही. त्या बातम्यांतही आम्ही शब्द छापत नसू. ‘जातीवाचक शिवीगाळ केली’ एवढंच छापत असू.

गुरुवारी सायंकाळी मी आणि मुलगी मोटारसायकलनं गावी गेलो. केळझरच्या अलीकडे नागपूर रस्ता सोडून आत चार किलोमीटरवर आमचं गाव आहे. प्रतिज्ञापत्राचा कच्चा मसुदा मी सोबत नेला होता. आई पडवीत भेंडी चिरत बसली होती. बाबांनी चष्मा लावला आणि कागद उजेडात धरून वाचायला लागले. तिसऱ्या ओळीवर थांबले. तिथं लिहिलं होतं, ‘आम्ही जातीने महार असून.’

“हे कोनं लेहलं?”

“नमुनाच तसा आहे, बाबा.”

“मी यावर सही करत नाई.”

त्यांनी कागद घडी करून माझ्याकडे दिला. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी त्रुटी, मुदत, मंगळवार हे सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“छप्पन साली मी तेरा वर्साचा होतो. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो अन् माह्या बापानं याच पडवीत उभं राहून सांगतलं, हा शब्द आता या घरात जो बोलन त्यानं बाहीर बसून जेवावं. माही माय एक डाव बोलली. बाहीर जेवली.”

“मीबी जेवली,” आई म्हणाली. “नवी नवरी होती मी. मले का मालूम! सासू हळूच येऊन वरन वाढून गेली.”

“तुले तं दोन डाव बसवलतं,” बाबा म्हणाले.

“दुसऱ्या डावाले मी मुद्दाम बोलली. बाहीर हवा चांगली होती.”

मुलगी हसली. बाबाही थोडे हसले. त्याचा फायदा घेऊन ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

“आबाजी, तुमी बोलू नका. फक्त सही करा.”

“लेहनं बोलन्याहून वाईट, बाई. बोललेलं हवेत जाते.”

“मंग माही सीट जाईन ना.”

“तुही सीट जाऊ नये. तुह्या बापाले सांग, दुसरा कागद पाह्य म्हना.”

शाळेतल्या नोंदीबद्दल मी विचारलं. त्यांना ती सकाळ आठवत होती. हेडमास्तर खादीची टोपी घालायचे, रोज सूत कातायचे. एकाच दिवशी वस्तीतली सात मुलं नाव घालायला आली होती. हेडमास्तरांनी प्रत्येकाच्या बापाला जात विचारली.

“माह्या बापानं सांगतली. मास्तर म्हने, तो शब्द मी शाळेच्या वहीत लेहत नसतो. सातहीजणाले एकच शब्द लेहला, अन् सातहीजणाले एकच जन्मतारीख, एक जुलै. माहा बाप खुश होऊन घरी आला. मास्तर चांगला होता रे. आमाले व्हरांड्यातून आत बसवनारा तोच.”

मी उताऱ्याची प्रत परत काढून पाहिली. अक्षर वळणदार होतं. रकान्यात खाडाखोड नव्हती.

आम्ही जेवून निघालो. सेलू ओलांडलं. मग मुलीनं मागून विचारलं, “नाही मिळालं तर ओपनमधून बसतं का माझं?” मी नाही म्हणालो. तिलाही ते माहीत होतं.

शुक्रवारी साडेदहाला मी सेलूच्या तहसील कार्यालयात अर्ज दिला. कोतवाल बुक म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी वही. गावात कोणी जन्मलं किंवा मेलं की कोतवालानं त्याची खबर द्यायची आणि कारकुनानं ती वहीत उतरवायची. आमच्या भागात कोतवालकी आमच्याच लोकांकडे असे. ते खबर देत. लिहिणारा दुसरा असे.

रेकॉर्ड सांभाळणारे गृहस्थ निवृत्तीला आले होते. त्यांनी लाल कापडातलं गाठोडं सोडलं, नाकाला रुमाल बांधला आणि मलाही बांधायला सांगितला. बाबांचा जन्म त्रेचाळीसचा धरला होता, पण एक जुलै मास्तरांची, त्यामुळे सालाचाही भरवसा नव्हता. आम्ही एक्केचाळीसपासून पंचेचाळीसपर्यंत पाहायचं ठरवलं. त्रेचाळीसच्या वहीची मधली पानं एकमेकांना चिकटली होती. त्यांनी पातळ पट्टी घालून ती सोडवायचा प्रयत्न केला. पहिलंच पान दोन ठिकाणी फाटलं आणि त्यांनी हात मागे घेतला.

“याच्यात असन तं गेलं समजा, भाऊ.”

मी उरलेली पानं पाहत राहिलो. आधी नावं वाचत होतो. तासाभरानं नावं वाचणं सोडलं आणि फक्त जातीच्या रकान्यावरून बोट खाली नेऊ लागलो. कुणबी, तेली, कुणबी, गोंड, कुणबी, महार. तो शब्द आला की बोट थांबे आणि मी डावीकडे बापाचं नाव पाही. ते दुसऱ्याच कोणाचं निघे. पुन्हा खाली. लहानपणी शाळेच्या रस्त्यावर हा शब्द मागून ऐकू आला की मी घरापर्यंत पळत येत असे. त्या दिवशी दुपारी एक वाजेपर्यंत तो मला एकोणीस वेळा दिसला आणि प्रत्येक वेळी आधी बरं वाटलं.

जन्माच्या वह्या संपल्या. रेकॉर्डवाल्यांनी डबा उघडून भाकर खाल्ली, अर्धी मला दिली.

“जन्मात नाई भेटत तं मौतीत पाहा. जन्माची खबर कोनी देई, कोनी नाई. मौतीची द्याच लागे.”

तीन वाजून चाळीस मिनिटांनी मृत्यूच्या अठ्ठेचाळीस सालच्या वहीत नोंद सापडली. बापाच्या नावाच्या जागी माझ्या आजोबांचं नाव, त्यांच्या बापाच्या नावासह. मयत: मुलगी. वय: सात महिने. कारण: ताप. जात: महार. मुलीचं नाव लिहिलेलं नव्हतं.

बाबांना एक धाकटा भाऊ होता, तो वारला. बहीण होती हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी ते रेकॉर्डवाल्यांना सांगितलं. त्यांनी वही स्वतःकडे ओढून पाहिली.

“वंशावळीत हे पोरगी आहे का तुमच्या?”

“नाही.”

“मंग पंचाईत आहे. एका गावात एका नावाचे दोन मानसं राहू शकते. समिती हेच इचारन. घरचं कोनी सांगनारं जिवंत आहे का?”

प्रमाणित नक्कल सोमवारी देतो म्हणाले. मी नोंद माझ्या वहीत उतरवून घेतली, रकान्यासकट. सायंकाळी कार्यालयात गेलो तेव्हा एका नव्या वार्ताहराची बातमी समोर होती आणि तिच्यात ‘हरिजन वस्ती’ होतं. मी ते खोडलं आणि वस्तीचं नवीन नाव फोन करून विचारून घेतलं.

शनिवारी सकाळी एकटाच गावी गेलो. बाबा बैलबंडीच्या चाकाला वंगण लावत होते. मी वही उघडून सरळ विचारलं, “बाबा, तुम्हाला लहान बहीण होती का?”

त्यांनी हात चिंधीला पुसले. आई दारात आली.

“तुले कोनं सांगतलं?”

“तहसिलीत नोंद आहे. अठ्ठेचाळीस सालची. ताप आला होता.”

ते बंडीच्या दांडीवर बसले. “होती,” ते म्हणाले. मग तिचं नाव सांगितलं. आईनं ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. लग्नाला साठ वर्षं झाली, तिनंही ऐकलं नव्हतं.

“झोळी मीच हालवत होतो तिची. तवा मी पाच-साडेपाच वर्साचा. माय वावरात जाय. मले वाटे तिचं कुठंच काही लेहलं नसन.” मग त्यांनी विचारलं, “काय काय लेहलं आहे?”

मी वाचून दाखवलं. बापाचं नाव, आज्याचं नाव, मुलगी.

“नाव?”

“नाव नाही.”

“वय?”

“सात महिने.”

“आठ झालते तिले.” त्यांनी वहीकडे पाहिलं. “सातच राहू दे, कागदात आहे तं. अन् पुढं?”

“कारण, ताप. मग जात.”

“तोच शब्द?”

“हो.”

त्यांनी चिंधी घडी करून दांडीवर ठेवली. मी मसुदा पिशवीतून काढला नाही. मी उठायच्या बेतात होतो तेव्हा ते म्हणाले, “त्या वंशावळीत तिले घालता येते काय? नावानं?”

“घालावंच लागतं.”

“सोमवारी किती वाजता यावं लागते?”

रविवारी मुलीनं महाविद्यालयाच्या यादीची पानं तीनदा उघडून पाहिली. तिच्या नावापुढे ‘तात्पुरता’ असा शेरा होता.

सोमवारी बाबा पहिल्या एसटीनं सेलूला आले. पांढरा सदरा घातला होता. नक्कल अकराला मिळायची होती, साडेबाराला मिळाली. तहसिलीसमोरच्या टंकलेखकानं माझा जुना मसुदा पाहून टंकून दिला आणि त्यात आजोबांना दोनच मुलं आली. तो कागद रद्द करून पुन्हा टंकावा लागला. या वेळी बाबा त्याच्या खुर्चीशेजारी उभे राहिले.

“वाचून दाखव,” ते म्हणाले.

टंकलेखकानं पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला बाबांनी हात वर केला. “हे नको वाचू. मले मालूम आहे. खालचं वाच.” त्यानं वंशावळ वाचली. बहिणीच्या नावात त्यानं शेवटचं अक्षर ऱ्हस्व केलं होतं, बाबांनी ते दीर्घ करायला लावलं. मग सही केली. सहीला त्यांना वेळ लागतो. अधिकाऱ्यांचा शिक्का दोन वाजून दहा मिनिटांनी पडला.

वर्ध्याला समितीच्या कार्यालयात आम्ही चारला दहा मिनिटं कमी असताना पोचलो. बाईंनी नक्कल वाचली, प्रतिज्ञापत्र वाचलं, आजोबांच्या बापाचं नाव दोन्हीकडे बोट ठेवून ताडून पाहिलं.

“पह्यल्या वंशावळीत ही नव्हती.”

“मला माहीत नव्हती,” मी म्हणालो.

त्यांनी बाबांकडे पाहिलं. “आबाजी, ही तुमची सख्खी बहीन?”

“हौ. माह्या पाठची.”

“अन् शाळेत हरिजन, इथं महार. एकाच घरात दोन कसे?”

“मास्तर येगळा अन् कोतवाल येगळा, बाई,” बाबा म्हणाले. “मानसं तेच.”

बाईंनी तसं काही लिहिलं नाही. फाइलवर आवक क्रमांक टाकला. “उद्या समिती बसते. तीननंतर साइटवर पाहत राहा. होईनच असं मी सांगत नाई.”

बाबा मुक्कामाला थांबले नाहीत. सायंकाळच्या गाडीनं गावी गेले.

मंगळवारी मी रजा टाकली. तीन वाजता संकेतस्थळावर अर्जाची स्थिती ‘समितीसमोर’ अशी होती. साडेतीनला तीच होती. पावणेचारला संकेतस्थळ उघडलंच नाही. मुलगी दुसऱ्या फोनवरून प्रयत्न करत होती. तिच्या आईनं शेजाऱ्यांच्या इंटरनेटचा परवलीचा शब्द मागून आणला. तीन वाजून बावन्न मिनिटांनी प्रमाणपत्र दिसलं. उतरवून घ्यायला दोन वेळा अडलं. चार वाजून वीस मिनिटांनी ते महाविद्यालयाच्या पानावर चढलं. चार वाजून एकतीस मिनिटांनी ‘तात्पुरता’ हा शेरा गेला आणि त्या जागी ‘निश्चित’ असं आलं.

मी गावी फोन लावला. फोन आईनं उचलला. बाबा वावरात गेले होते.